गाडी घासून राहिले का साहेब?

वर्धा जिल्ह्यात उभ्या असलेल्या गाडीचा मूळ रंग कोणता, हे आरसी बुक उघडल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही. उन्हाळ्यात ती रस्त्याच्या कामावरच्या मुरमाच्या रंगाची असते, पावसाळ्यात काळ्या मातीच्या. दसऱ्याच्या सुमारास थ्रेशर सुरू झाले की सोयाबीनच्या कुटाराचा भुरका थर तिच्यावर धरतो. दिवाळीनंतर हिंगणघाटकडून येणारी गाडी जिनिंगच्या दारावरून जाताना चार पुंजके कापूस टपावर घेऊनच घरी पोचते. एमएच ३२ ची पाटी तेवढी स्वच्छ असते, कारण ती पोलिसाला दाखवायची असते.

अशा मुलखात एखाद्या गृहस्थाला आपली गाडी घरच्या घरी, हातात धरायच्या पॉलिशिंग मशीनने चकाचक करावीशी वाटली, तर त्याला लगेच वेड्यात काढू नये. हा रोग गाडीला होत नाही, डोळ्यांना होतो. गाडी बिचारी जशी होती तशीच असते.

आमच्या रामनगरातल्या गल्लीत हा रोग वीजखात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांना झाला. त्यांची गर्द निळी गाडी सात वर्षं अंगणातल्या कडुलिंबाखाली सुखाने उभी होती. साहेब रोज सकाळी चहाआधी जुन्या बनियनने तिला पुसायचे. कोरड्या बनियनने, गोल गोल, मनापासून. मग पुण्याहून नातू आला. त्याने मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरका धरला आणि म्हणाला, "आजोबा, स्वर्ल मार्क्स बघा किती आहेत!" साहेबांनी वाकून पाहिलं. टॉर्चच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे हजारो बारीक गोल ओरखडे चमकत होते. नातू दोन दिवसांनी परत गेला. टॉर्च मात्र साहेबांच्या हातात राहिला.

त्यानंतर काही दिवस साहेब संध्याकाळी शतपावलीला निघाले की दुसऱ्यांच्या गाड्यांवरही टॉर्च मारून पाहू लागले. लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्या गाड्यांवर वाकून टॉर्च मारणारा ज्येष्ठ नागरिक दिसला की लोक आपापल्या गाडीचं लॉक तपासतात. पण साहेबांच्या मनात चोरीचा विचार नव्हता. जिल्ह्यातली एकही गाडी निष्कलंक नाही, याचं त्यांना समाधान हवं होतं, आणि ते पुरेपूर मिळालं.

दोष बनियनचाच. रात्रभर बॉनेटवर बसलेल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. त्यांच्यावरून कोरडं कापड दाबून फिरवलं की आपण गाडी पुसत नसतो, पॉलिश पेपर मारत असतो. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी. भर उन्हात गाडी धुऊन तशीच वाळू दिली की प्रत्येक थेंब आपल्या जागी पांढरं वर्तुळ सोडून जातो. समृद्धी महामार्गावरून ताशी १२० ने नागपूरला जाऊन आलं की पुढच्या बंपरवर किड्यांचं एक वेगळंच अभयारण्य तयार होतं. ते वेळेवर धुतलं नाही तर रंग खातं. कावळे, साळुंक्या आणि लिंबोळ्या यांचं तर काय सांगावं, त्यांना निवृत्ती नाही.

आता या सगळ्याखाली रंग असतो किती? पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट, म्हणजे ज्याला आपण चमक म्हणतो तो थर, ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे ज्या चकाकीसाठी आपण सात वर्षांचं कर्ज काढतो, ती आपल्या उरल्यासुरल्या केसाहूनही पातळ.

लोकांना वाटतं, पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावणं. तसं ते नाही. वॅक्स लावतात, पॉलिश काढतं. ओरखडा म्हणजे क्लिअर कोटमधली चर. चर बुजवता येत नाही, म्हणून तिच्या आजूबाजूचा थर घासून खाली आणायचा. एका वेळी एक-दोन मायक्रॉन, जोर लावला तर तीन-चार. निवृत्त माणसाला हा हिशेब चटकन कळतो: मुदतठेव ४० ची, दर वेळी थोडी मोडायची, आणि भर घालायची सोय कुठल्याही शाखेत नाही. साहेबांना तो कळला. म्हणून त्यांनी मशीन आणण्यापूर्वी महिनाभर अभ्यास केला, आणि मग हार्डवेअरच्या दुकानात गेले.

तिथे अभ्यासाची गाठ अनुभवाशी पडली.

"पॉलिशिंग मशीन आहे का?"

"आहे ना साहेब." दुकानदाराने मागे वळून न पाहता शेल्फवरून हिरवा ग्राइंडर काढून काउंटरवर ठेवला. "हेले फोमचा चक्का लावला का झालं. फरशी घासा, गेट घासा, गाडी घासा. एकच मशीन."

हा सल्ला जिल्ह्यात सर्वत्र मिळतो आणि त्यातला गेटबद्दलचा भाग अगदी बरोबर आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे मारतो. गाडीच्या रंगाला चालणारं गोल फिरणारं पॉलिशर मारतं ६०० ते ३००० पर्यंत, आणि त्यालाही कमी-जास्त करायचं बटण असतं. ग्राइंडरला फोम लावून बॉनेटवर टेकवला, तर ओरखडे निश्चित जातात. त्यांच्या मागोमाग क्लिअर कोट, रंग आणि प्रायमरही जातात आणि खाली पत्रा मोकळा होतो.

खरी निवड दोनच मशीनमध्ये असते. एक रोटरी. ते एकाच आसावर गरगर फिरतं, काम भराभर करतं आणि तितकंच तापतं. आपल्याकडे गॅरेजमध्ये 'रबिंग मारतात' ते याने. उस्तादाच्या हातात ते सोनं करतं. नवख्याच्या हातात कडेचा रंग जाळतं, किंवा उन्हात पाहिल्यावर बॉनेटभर तेलकट लाटांसारखे पट्टे सोडतं. दुसरं म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, ज्याला सगळे डीए म्हणतात. त्याचा पॅड फिरतोही आणि फिरता फिरता थोडा इकडेतिकडे झुलतोही. त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. आणि त्याचा सर्वात मोठा गुण असा की माणसाने चेव येऊन जास्त दाबलं की पॅड फिरायचाच थांबतो. अतिउत्साही मालकापासून गाडीला वाचवणारी ही सोय ज्याने काढली, त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली जाण असावी. साहेबांनी डीए मागवलं. पार्सल आलं त्या दिवशी काकू म्हणाल्या, "देवघरातली समई घासायला सांगितली की यांची कंबर धरते."

यंत्राबद्दल मत द्यायचा अधिकार वर्धेइतका दुसऱ्या कुठल्या गावाला नसेल. १९३४ साली ग्रामोद्योग संघाचं बिऱ्हाड इथल्या मगनवाडीत थाटलं गेलं. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ ला केलं. पलीकडे सेवाग्राम. एवढं असूनही गांधीजी यंत्र म्हटलं की कानावर हात ठेवत, हा समज चुकीचा आहे. शिवणयंत्राचं त्यांना कौतुक होतं. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, त्या काळातले लाख! अटी अशा की चरखा खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता आला पाहिजे, बाईमाणसाला तो आठ तास फारसा थकवा न येता चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये आणि तो वीस वर्षं टिकावा. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

साहेबांच्या मशीनला या अटी लावून पाहिल्या. वजन अडीच-तीन किलो. आठ तास राहू द्या, अर्ध्या तासाने खाली ठेवलं तरी हातातली कपबशी पुढची दहा मिनिटं वाजत राहते. किंमत दीडशेच्या कितीतरी पट. वॉरंटी सहा महिन्यांची, तीही खोका जपून ठेवला तर. हाता-पायाने चालवण्याचा प्रश्नच नाही, लाइन गेली की संपलं. गांधीजींना वर्धेत आणणाऱ्या जमनालाल बजाजांच्या फोर्ड गाडीला बैल जुंपून ती सेवाग्रामच्या वाटेवर नेत, असं जुन्या आठवणींत सांगतात. त्या गाडीच्या चकाकीची चौकशी कुणी केली नसावी. बैलांची शिंगं मात्र पोळ्याला नक्की रंगली असतील. आपल्याकडे कुणाला चकचकीत करायचं, याचा क्रम त्या काळी स्पष्ट होता.

मुहूर्त ठरवणं हेच खरं कठीण काम. पत्रा थंड हवा, ऊन नको, वारा नको, धूळ नको. मे महिन्यात वर्धेचा पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा बॉनेटवर कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, टाकायचा अवकाश, ते पापड होऊन बसतं. पावसाळ्यात रात्री घासलेली गाडी सकाळी चिखलात. थंडीत हवा झकास, पण कापूस उडतो आणि नेमका ओल्या पॉलिशवर येऊन बसतो. म्हणून साहेबांनी दसऱ्याच्या आधीचा रविवार धरला. पहाटे पोर्चमध्ये गाडी घेतली. एक बादली शाम्पूची, दुसरी साध्या पाण्याची, धुवायचा हातमोजा खळखळून घ्यायला. मग क्ले बार नावाची मऊ वडी ओल्या रंगावरून फिरवली. धुऊनही न निघणारी खरखर ती ओढून घेते. मातीने माखलेली गाडी मातीच्याच वडीने साफ करायची, हे पाहून दूधवाला सायकल स्टँडवर लावून थांबला. मग रबरी बीडिंगला, लोगोला, दाराच्या कडांना पिवळी चिकटपट्टी. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून त्या झाकायच्या. काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अ‍ॅडमिट केली का हिला?"

एव्हाना आठ वाजले होते आणि पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके कंपाउंड घेऊन साहेब सज्ज झाले होते. पॅडमागच्या प्लेटवर त्यांनी मार्करने एक काळी रेघ मारली होती. रेघ फिरताना धूसर दिसली म्हणजे पॅड फिरतो आहे. ती नुसती जागेवर थरथरताना दिसली म्हणजे पॅड थांबला, दाब कमी करा. दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन घ्यायचा. आधी कमी वेगावर कंपाउंड पसरायचं, मग वेग वाढवायचा. मशीन सपाट धरायचं आणि सेकंदाला जेमतेम इंचभर सरकवायचं. आडवं, मग उभं, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा. हे काम बघायला इतकं संथ असतं की निवृत्त माणसाशिवाय ते कुणाला पुरं करता येईल असं वाटत नाही.

आणि म्हणूनच बघायला माणसं जमतात.

"काय साहेब, गाडी घासून राहिले का?"

"पॉलिश करतोय."

"कायले? विकाची हाय का?"

हा प्रश्न गाडी घासणाऱ्या प्रत्येकाला येतो. जी वस्तू आपल्याजवळच राहणार आहे ती कशाला चमकवायची, हा त्यामागचा विचार. तो तसा पक्का वैदर्भीय व्यवहार आहे. साहेबांनी 'नाही' म्हटल्यावर विचारणाऱ्याला संशय आला तो आलाच. संध्याकाळपर्यंत दोन जण किंमत विचारून गेले.

"गॅरेजवाला अर्ध्या घंट्यात करून देते ना बाप्पा," दुसरे म्हणाले.

"माह्या भाच्यानं टूथपेस्ट लावली होती. लय चमकली."

"मंग?"

"मंग काय, पंधरा दिवसानं होती तशीच."

"त्यापेक्षा रॉकेलचा बोळा मारा."

साहेब शांतपणे घासत होते. पहिला चौकोन पुरा झाला. त्यांनी मायक्रोफायबरने पुसला, टॉर्च मारला आणि बाजूला झाले. खरंच सांगतो, मंडळी क्षणभर गप्प झाली. उरलेल्या बॉनेटवर तेच मळकट जाळं आणि घासलेल्या चौकोनात गर्द निळा, खोल, विहिरीत डोकावल्यागत रंग. टूथपेस्टवाल्यांचा चेहरा त्यात नाकावरच्या तिळासकट दिसत होता. त्यांनी केस नीट केले.

त्याच वेळी लाइन गेली.

वीजखात्यात आयुष्य घालवलेल्या माणसासमोर लाइन गेली की तो गप्प बसू शकत नाही. मशीन हातात घेऊन साहेबांनी फीडर म्हणजे काय, डीपी कुठला, रविवारीच देखभालीचं काम का काढतात, हे समजावायला सुरुवात केली. मुद्दा पटवताना ते हातवारे करत, आणि हातात मशीन होतं. पॅडवर नुकतंच घातलेलं ताजं कंपाउंड होतं. बटण मात्र चालूच राहिलं होतं. 'पॅड रंगावर टेकवल्याशिवाय मशीन कधी सुरू करू नये, नाहीतर कंपाउंड उडतं,' हे साहेबांनीच तासाभरापूर्वी सगळ्यांना बजावलं होतं. फीडरवरून ते ट्रान्सफॉर्मरवर आले आणि लाइन आली.

एक पांढरा फवारा पोर्चमध्ये अर्धगोल फिरला. दूधवाल्याच्या शर्टावर, टूथपेस्टवाल्यांच्या चष्म्यावर, दोरीवर वाळत घातलेल्या काकूंच्या साडीवर आणि भिंतीवरच्या महादेवाच्या कॅलेंडरवर सारख्या अंतरावर ठिपके उमटले. कुणी काही बोललं नाही. मग दूधवाला म्हणाला, "साहेब, लाइन आली." खात्याला ही बातमी ग्राहकाकडून कळण्याची परंपरा जुनीच आहे.

दुपारपर्यंत छप्पर आणि दारं झाली. आता डिकी राहिली. तिथे खरी मौज होती. आपल्याकडे धुळीने माखलेली गाडी ही गल्लीतल्या पोट्ट्यांची पाटी असते. बोटाने लिहिलं तरी बोटाखाली वाळू असते, आणि ती क्लिअर कोटमध्ये अक्षरं कोरून ठेवते. वर धूळ आणि जाळं असेपर्यंत ती दिसत नाहीत. साहेबांनी डिकीवरची बारीक जाळी मनापासून काढली, त्यामुळे खोल अक्षरं तेवढी उरली. टॉर्च मारताच चकचकीत निळ्या रंगावर सुवाच्य मराठीत दिसलं: 'धुवा मले'. ते काढायचं तर चार-पाच मायक्रॉन जातील. साहेबांनी ठेवीचा हिशेब केला आणि मजकूर राहू दिला. अक्षर कुणाचं, याचा तपास अजून चालू आहे. चौथीतल्या एका संशयिताने त्या दिवसापासून आमच्या गल्लीतून जाणं बंद केलं आहे.

यात एक गोष्ट नमूद करायला हवी. वर्धेच्या रस्त्यावर पांढऱ्या गाड्या भरपूर दिसतात, आणि उन्हामुळे लोक पांढरी घेतात हे खरंच आहे. पण पांढऱ्या रंगावर ओरखडे फारसे दिसतही नाहीत. जाळं तिथेही असतं, मायक्रॉन तिथेही जातात, फक्त मालकाची झोप जात नाही. काळी, गर्द निळी किंवा गर्द लाल गाडी घेणारा माणूस शोरूममध्ये दहा मिनिटं राजा असतो आणि पुढे दहा वर्षं सफाई कामगार. माझं मत विचाराल तर पांढरी गाडी हे पॉलिशिंग मशीनचं सर्वात स्वस्त मॉडेल आहे.

दसरा आला. वॅक्स लावलेली गाडी अंगणात अशी उभी होती की तिच्यात कडुलिंबाची फांदी न् फांदी मोजता यावी. काकूंनी आरतीचं तबक आणलं. ओल्या कुंकवाचं बोट बॉनेटकडे निघालं. साहेब म्हणाले, "हलक्या हाताने." काकूंनी नेहमीच्याच हाताने स्वस्तिक काढलं. त्यावर हळद, त्यावर अक्षता. तांदळाचा दाणा किती कठीण असतो हे साहेबांच्या चेहऱ्यावरून वाचता येत होतं. मग बाजारातला झेंडूचा हार. आपल्याकडचा हार बांधायला तार असते, आणि तारेचं टोक नेहमी गाडीच्या बाजूला वळलेलं असतं. हार आरशापासून आरशापर्यंत ओढून घेताना बॉनेटवर जो 'कर्र' असा आवाज झाला, तो मी फाटकाबाहेरून ऐकला. देवाचं काम असल्याने साहेब काही बोलू शकले नाहीत. लिंबू चाकाखाली गेलं, नारळ फुटला आणि नारळाचं पाणी, अर्थातच, बॉनेटवर शिंपडलं गेलं. बैलाच्या शिंगांना रंग देणाऱ्या शेतकऱ्याला ही अडचण नाही. बैल निदान मान तरी हलवतो.

साहेब आता सुधारले आहेत. बनियन परत कपाटात गेली आहे. गाडी आधी पाण्याने भिजवून, मग धुऊन, सावलीत मऊ कापडाने टिपतात. बरेचसे ओरखडे एवढ्यानेच टळतात आणि त्याला मशीन लागत नाही. मशीन खोक्यात आहे, खोका लोखंडी कपाटावर आहे आणि तो उतरवण्याची परवानगी काकूंकडे आहे.

तुम्हाला घ्यायचंच असेल तर डीएच घ्या, ग्राइंडर गेटसाठी ठेवा. आधी जुन्या दारावर किंवा भंगारातल्या बॉनेटवर हात बसवा. कडा आणि प्लास्टिकचा बंपर यांच्याशी जपून वागा, आणि सगळ्यात मऊ पॅड व सगळ्यात सौम्य पॉलिशने भागत असेल तर तिथेच थांबा. लाइन गेली की आधी बटण बंद करा, भाषण नंतर. आणि दसऱ्याचा हार आणताना फुलवाल्याला सांगा, दोऱ्यात ओवून दे, चार रुपये जास्त घे.